स्विमिंग पूलमधलं शेवाळ मरता मरत का नाही?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूरकडच्या फार्महाउसवर एक धांदल सुरू होते. लेकी माहेरी येणार, भाचरं येणार, दिवसभर पूलमध्ये डुंबणार. आणि नेमकं तेव्हाच राखणदाराचा फोन येतो, "भाऊ, पानी हिरवं व्हई गयं." मग दुकानातून क्लोरीनच्या गोळ्या येतात, कुणी मोरचूद सांगतं, कुणी तुरटी, कुणी निळ्या बाटलीतलं शेवाळनाशक. दोन दिवस पाणी बरं दिसतं. तिसऱ्या दिवशी पायऱ्यांच्या कोपऱ्यात पुन्हा हिरवी झाक येते.

औषध कमी पडलं, असं वाटून माणूस आणखी औषध टाकतो. बहुतेक वेळा गोष्ट वेगळीच असते. पाण्यात क्लोरीन असतं, पण ते अडकून पडलेलं असतं. आणि दुसरं म्हणजे, पाणी निळं दिसलं की उपचार थांबवला जातो, शेवाळ संपायच्या आधीच. या दोन गोष्टी नीट समजल्या तर हट्टी वाटणारं शेवाळ चार-सहा दिवसांत हटतं, तेही दुकानातल्या सर्वात स्वस्त रसायनाने.

शेवाळाला लागतं काय? ऊन, ऊब आणि थोडं खत. आपल्याकडे तिन्ही भरपूर. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, उथळ पूलचं पाणी दुपारी कोमट होतं. भोवती केळी आणि कापूस. डीएपी, युरिया, ठिबकमधून सुटणारी विद्राव्य खतं, यांतलं थोडं तरी वाऱ्याबरोबर, धुळीबरोबर, शेतातून आलेल्या पायांबरोबर पाण्यात येतंच. माणसं पोहतात तेव्हा घाम, केसांचं तेल आणि लहान मुलांच्या बाबतीत लघवी, म्हणजे पुन्हा नत्र. शेवाळाचे बीजाणू तर हवेतच असतात, त्यांना थांबवता येत नाही. त्यामुळे शेवाळ येऊच नये असं पाणी जगात नाही. ते वाढतं त्यापेक्षा वेगाने मरत राहिलं पाहिजे, एवढंच आपल्या हातात असतं. क्लोरीनचा वेग एक दिवस जरी मागे पडला तरी शेवाळ पुढे निघून जातं.

आता क्लोरीन अडकतं म्हणजे काय, ते पाहू.

ब्लिचिंग पावडर, द्रवरूप हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), टीसीसीएच्या गोळ्या (दुकानात क्लोरीनच्या गोळ्या म्हणून मिळतात त्या), काहीही टाका, पाण्यात गेल्यावर त्यापासून हायपोक्लोरस ॲसिड तयार होतं. शेवाळाच्या पेशीत शिरून तिला मारतं ते हेच. पण पाण्याचा पीएच वाढला की याचं रूपांतर हायपोक्लोराइट आयनात होतं. त्यावर ऋण विद्युतभार असतो, पेशीत तो सहज शिरत नाही आणि मारायला कितीतरी पट कमजोर असतो. पीएच ७ असताना साधारण तीन चतुर्थांश क्लोरीन कामाच्या रूपात असतं, ७.५ला निम्मं, आणि ८ला जेमतेम एक चतुर्थांश. आपल्या बोअरचं पाणी जड. त्यात बायकार्बोनेट भरपूर, आणि हवा लागली की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून पीएच आपोआप वर चढतो. शिवाय उन्हाळ्यात रोज सहज सेंटीमीटरभर पाण्याची वाफ होते. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार मागे राहतात, आणि आपण वरून पुन्हा बोअरचंच जड पाणी सोडतो. महिन्याभरात टाइल्सवर पांढरी रेघ दिसायला लागते ती यामुळेच. त्या खरखरीत थरात शेवाळाला पाय रोवायला छान जागा मिळते.

पण पीएच ही अर्धीच गोष्ट झाली. खरी मेख आहे सायन्युरिक ॲसिडमध्ये, आणि याविषयी विकणारे सहसा बोलत नाहीत.

उघड्या उन्हात साधं क्लोरीन टिकत नाही. अतिनील किरणांनी ते पाऊण तासाच्या आसपास निम्मं होतं, पुढच्या पाऊण तासात त्याचं निम्मं. सकाळी आठला टाकलेली ब्लिचिंग पावडर आपल्या उन्हात दुपारपर्यंत जवळजवळ संपलेली असते. यावर उपाय म्हणून सायन्युरिक ॲसिड वापरतात. ते क्लोरीनला सैल धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं. लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे ३० ते ५० पीपीएम असलं की छान काम होतं. आपल्याकडच्या उन्हात ते हवंच.

अडचण अशी की टीसीसीएच्या गोळीत निम्म्याहून जास्त वजन याच सायन्युरिक ॲसिडचं असतं. क्लोरीन खर्च होतं, हे मागे राहतं. त्याची वाफ होत नाही, फिल्टर ते पकडत नाही, ऊन त्याला हात लावत नाही. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा पूल धरा. त्यात ४० घनमीटर, म्हणजे ४० हजार लिटर पाणी बसतं. एक किलो टीसीसीएने या पाण्यात सायन्युरिक ॲसिड सुमारे १४ पीपीएमने वाढतं. उन्हाळ्यात दहा दिवसांना एक किलो हा काही जास्तीचा वापर नाही. मार्च ते मे अशा तीन महिन्यांत नऊ किलो गोळ्या गेल्या, तर सायन्युरिक ॲसिड सव्वाशेच्या घरात पोचतं. तेवढं झालं की ते क्लोरीनला वाचवत नाही, बांधून ठेवतं. पाणी तपासायच्या किटमध्ये क्लोरीन ३ दिसतं, रंग बरोबर असतो, आणि तरीही भिंत हिरवी. इथे पीएच खाली आणूनही फारसा फरक पडत नाही, कारण सायन्युरिक ॲसिडने भरलेल्या पाण्यात पीएचचा परिणाम बराच बोथट होतो.

पूल सांभाळणाऱ्यांत रूढ असलेला हिशेब असा: रोजचं मोकळं क्लोरीन (घाम-लघवीतल्या नत्राशी न जोडलं गेलेलं) सायन्युरिक ॲसिडच्या साडेसात टक्के तरी हवं, आणि वाढलेलं शेवाळ मारायचं तर ४० टक्के. म्हणजे सायन्युरिक ४० असेल तर रोज ३ आणि मारायला १६ पीपीएम. सायन्युरिक १२५ असेल तर रोज ९ हवं, आणि मारायला तब्बल ५०. लिटरच्या भाषेत, आपल्या ४० हजार लिटरच्या पूलला पहिल्या स्थितीत १० टक्के ताकदीचं साडेसहा लिटर हायपो एका वेळी पुरतं, दुसऱ्या स्थितीत २० लिटर लागतं. रोज पेलाभर औषध ओतणाऱ्या माणसाला शेवाळ हट्टी वाटणारच.

तेव्हा औषध आणण्याआधी सायन्युरिक ॲसिड मोजा. ही चाचणी पाहण्यासारखी आहे. पूलच्या पाण्यात एक द्रव मिसळला की पाणी दुधाळ होतं. ते दुधाळ पाणी एका उभ्या नळीत थोडं थोडं ओतायचं आणि वरून तळाच्या काळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. ठिपका जिथे दिसेनासा होतो तिथला आकडा वाचायचा. नळी थोडीशीच भरली आणि ठिपका गेला, तर आकडा मोठा. सावलीत उभं राहून नाही, उजेडात सूर्याकडे पाठ करून वाचा, नाहीतर चुकीचा आकडा येतो.

आकडा ८०च्या वर आला तर काही पाणी काढून नवं भरण्याशिवाय मार्ग नाही. मे महिन्यात टँकरच्या भावात हे जिवावर येतं, आणि रावेर-यावल पट्ट्यात बोअर कुठवर खोल गेल्या आहेत हे ज्यांना माहीत आहे त्यांना हजारो लिटर पाणी सोडून द्या म्हणणं मलाही बरं वाटत नाही. पण निम्मं पाणी बदललं तर आकडा निम्मा होतो. ते न करता सव्वाशेच्या पाण्यात लढत बसलं तर रसायनात जास्त पैसे जातात आणि पाणी शेवटी सोडावंच लागतं.

आता प्रत्यक्ष काम. आधी जाळीने पानं, कचरा काढा. कडुलिंबाची आणि केळीची पानं तळाशी कुजत असतील तर क्लोरीन त्यांनाच जाळण्यात संपतं. मग पीएच ७.२च्या आसपास आणा. त्यासाठी बाजारात मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड एका वेळी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको, पंप चालू ठेवून, आणि दर वेळी थांबून मोजत. हे क्लोरीन वाढवण्याआधीच करायचं, कारण क्लोरीन खूप वाढलं की पीएचच्या किटचा रंग खोटा बोलतो.

हायपो संध्याकाळी, ऊन उतरल्यावर टाका. आपल्या जड पाण्यात ब्लिचिंग पावडरपेक्षा द्रवरूप हायपो बरं, असं माझं स्पष्ट मत. पावडरमध्ये चुना असतो, तो टाइल्सवर आणि फिल्टरच्या वाळूत बसतो. पावडरच हाताशी असेल तर प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात पावडर कालवा, तासभर निवळू द्या, वरची निवळ ओता आणि तळचा गाळ पूलमध्ये जाऊ देऊ नका. हायपो ताजं आणा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडलेल्या कॅनमध्ये १० टक्क्यांऐवजी निम्मी ताकदही उरलेली नसते. म्हणून लिटरवर विसंबू नका, टाकल्यावर अर्ध्या-एक तासाने पाणी तपासा.

तपासण्यातही एक फसगत आहे. गुलाबी रंग येणाऱ्या डीपीडी किटमध्ये क्लोरीन फार जास्त असेल तर रंगच उडून जातो. नळी पांढरी दिसते आणि माणूस समजतो, क्लोरीन शून्य. एक भाग पूलचं पाणी आणि चार भाग आरओचं पाणी असं मिसळून मोजा आणि आलेल्या आकड्याला पाचने गुणा. पिवळा रंग देणारं जुनं किट मोकळं आणि नत्राशी जोडलं गेलेलं क्लोरीन वेगळं करून सांगत नाही, त्यामुळे या कामाला ते पुरत नाही.

यापुढचा भाग कष्टाचा, आणि नेमका तोच टाळला जातो. शेवाळ भिंतीवर एकेकटं बसत नाही, चिकट थर करून बसतं. वरच्या मेलेल्या पेशी खालच्या जिवंत पेशींना झाकतात. हरळी वरवर खुरपली तर पुन्हा फुटते, तसंच इथेही. ब्रशने थर फाटल्याशिवाय क्लोरीन आत जात नाही. शिडीच्या मागे, पायऱ्यांच्या आतल्या काटकोनात, स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खिडकीच्या) तोंडात, पाण्यातल्या दिव्याच्या खोबणीत हात घालून बघा. दिव्याची वीज बंद करून तो बाहेर काढला की मागच्या बाजूला अनेकदा हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर असतो. भिंती निळ्याशार असताना पाणी दर आठवड्याला हिरवं होत असेल तर बी याच खोबणीत असतं. दिवसातून दोनदा सगळ्या पृष्ठभागावर ब्रश फिरवा. टाइल्स आणि फायबरला नायलॉनचा, सिमेंट-प्लॅस्टरला चालेल तर स्टेनलेस स्टीलचा. साध्या लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे तुटलेले केस गंजून डाग पाडतात.

पंप शक्यतो चोवीस तास चालवा. शेतातल्या लाइनवर थ्री फेज पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येतं, हे ध्यानात घेऊन डोस वीज येण्याच्या वेळेला धरा. बंद पंपात टाकलेलं हायपो तळाशी साचतं आणि उथळ कोपरा तसाच राहतो. फिल्टरवरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा ८ ते १० पीएसआयने वाढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं. शेवाळ मरायला लागलं की हे दिवसातून दोन-तीनदाही करावं लागतं. बॅकवॉश करूनही पाणी गढूळच परत येत असेल तर फिल्टर उघडून वाळू बघा. जड पाण्याने तिचे ढेकळासारखे गोळे झालेले असतात आणि पाणी त्यांच्या मधल्या फटीतून न गाळता निघून जातं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी, दुधट दिसतं. मेलेलं शेवाळ आहे ते. इथे तुरटी उपयोगी पडते. तुरटीच्या पाण्याने बारीक कण एकत्र येऊन रात्रभरात तळाशी बसतात. पंप बंद ठेवायचा आणि सकाळी तो गाळ व्हॅक्यूमने फिल्टरमधून न नेता थेट बाहेर काढायचा. तुरटीने पीएच थोडा उतरतो, तो पुन्हा तपासा. मात्र तुरटी शेवाळ मारत नाही, फक्त बसवते. जिवंत शेवाळावर तुरटी टाकून पाणी चकचकीत केलं तर तीन दिवसांनी परत तेच.

मग थांबायचं कधी? डोळ्यांवर जाऊ नका. सूर्य मावळल्यावर मोकळं क्लोरीन मोजा, रात्रभर काही टाकू नका, आणि सूर्य उगवायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, त्यामुळे क्लोरीन कमी झालं तर ते कुणीतरी खाल्लंय. एका पीपीएमपेक्षा जास्त उतरलं असेल तर शेवाळ कुठेतरी जिवंत आहे, मग पाणी कितीही निळं दिसो. क्लोरीन परत मारायच्या पातळीवर (सायन्युरिक ४० असेल तर १६वर) नेऊन ठेवा, ब्रश चालू ठेवा. पाणी काचेसारखं, आणि रात्रीतली घट एक पीपीएमच्या आत, या दोन्ही गोष्टी जमल्या की मगच क्लोरीन रोजच्या पातळीवर येऊ द्या. ही एक साधी चाचणी बहुतेक लोक करत नाहीत, आणि माझ्या मते अर्धवट उपचाराचं खरं कारण तेच.

भिंतीच्या सावलीच्या बाजूला पिवळसर भुकटीसारखं काही दिसलं तर आधी बोटांनी चोळा. कचकच लागली तर ती वादळातली धूळ, बुळबुळीत लागलं तर पिवळं शेवाळ. हे जास्त चिवट असतं आणि ब्रश, जाळी, फुगवायची खेळणी, पोहण्याचे कपडे यांच्यावरून परत येतं. उपचार चालू असताना ब्रशचा दांडा आणि खेळणीही त्याच पाण्यात बुडवून ठेवा, कपडे धुऊन कडक उन्हात वाळवा. काळे ठिपके असतील तर काम लांबतं. त्याला सगळे शेवाळ म्हणतात, प्रत्यक्षात तो सायनोबॅक्टेरियाचा प्रकार आहे. प्लॅस्टरच्या छिद्रांत तो खोल शिरतो आणि वरून टणक टोपी घालतो. प्रत्येक ठिपक्याची टोपी स्टीलच्या ब्रशने फोडावी लागते, आणि दोन-तीन आठवडे चिकाटी धरावी लागते.

मोरचूद केळी-द्राक्षवाल्यांच्या घरात असतंच, म्हणून ते पूलमध्ये टाकायचा मोह होतो. तांबं शेवाळ मारतं, हे खरं. पण आपल्या क्षारयुक्त पाण्यात ते लवकरच साका होऊन बसतं, प्लॅस्टरवर निळे-काळपट डाग पडतात, आणि ते पाणी पुढे जमिनीत किंवा नाल्यात सोडलं की मासे मरतात. पाणी आरपार स्वच्छ आहे, तळ दिसतोय, तरी रंग हिरवा, असं असेल तर ते शेवाळ नसून तांबंच असू शकतं. अशा वेळी क्लोरीन वाढवून काही होत नाही. बाटलीतली शेवाळनाशकंही प्रतिबंधासाठी ठीक, वाढलेल्या शेवाळावर नाहीत. त्यांतल्या स्वस्त प्रकारांनी पाण्याला फेस येतो.

हातमोजे आणि चष्मा घालून काम करा. ॲसिड आणि हायपो कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. टीसीसीए आणि ब्लिचिंग पावडर यांना एकच ओला डबा किंवा चमचा लागला तर पेट घेतो, स्फोटही होतो. दोन्ही वेगळ्या खोल्यांत, कोरड्या, पोरांच्या हाताबाहेर. आणि तळ दिसत नसेल तोवर कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. हिरव्या पाण्यात दोन हातांवर बुडालेलं लेकरूही दिसत नाही.

नंतरच्या देखभालीत गोळ्या बाहेरगावी जाण्यापुरत्या ठेवा आणि रोजच्याला रात्री थोडं हायपो द्या. पाणी बदलायचं असेल तर पावसाळ्यापर्यंत थांबता आलं तर उत्तम. जळगावात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छतावर त्याचे ७० हजार लिटर होतात, आणि वाया गेलेलं सोडलं तरी ४० हजार लिटरचा पूल भरून उरतो. पहिले एक-दोन पाऊस छत धुऊन जाऊ द्या, मग नळी पूलकडे वळवा. हे पाणी मऊ, त्यात ना सायन्युरिक, ना बायकार्बोनेट. मात्र पूल पूर्ण रिकामा करू नका. काळी माती पावसात फुगते, खालून पाण्याचा दाब येतो आणि रिकाम्या टाकीला तडे जातात. एका वेळी एक तृतीयांश काढा, भरू द्या, पुन्हा काढा. काढलेल्या पाण्याचं क्लोरीन किटमध्ये शून्य होईपर्यंत ते उघड्यावर ठेवा, मग बांधावरच्या कडुलिंबाला, बाभळीला द्या. केळीला मात्र नको, तिला खारं पाणी सोसत नाही.